बायकोला महिन्यातून तीन-चार वेळा मायग्रेन होतो. तिला नेमकं काय होत असतं आणि मी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की ती खोलीत अंधार करून पडून राहते, उलटी झाली की जरा हलकं वाटतं, आणि घरातले सगळे म्हणतात 'पित्त आहे'. आधी त्या पित्ताचं बघू. आपल्याकडे हा शब्द इतका रुळलाय की माणसं वर्षानुवर्षं अँटासिड आणि कोकम सरबतावर काढतात. मायग्रेन उठला की जठराचं काम मंदावतं. दुपारी खाल्लेलं संध्याकाळपर्यंत तसंच पडून असतं, म्हणून मळमळ आणि उलटी. म्हणजे आधी डोकं बिघडतं आणि मग पोट. उलटीनंतर उतार पडतो, कारण बऱ्याच जणांचा झटका त्या सुमारास ओसरतच असतो आणि मग झोप लागते. अँटासिडने छातीतली जळजळ जाईल, डोक्याला त्याचा उपयोग नाही. 'सायनस' हे दुसरं चुकीचं लेबल. चेहऱ्याला संवेदना देणारी जी नस मायग्रेनमध्ये पेटते, तिच्या उत्तेजनाने नाक चोंदतं आणि डोळ्यातून पाणीही येतं. ताप नाही, पिवळा-हिरवा शेंबूड नाही आणि दुखणं दर वेळी दोन-तीन दिवसांत आपोआप जातंय, तर सायनसचा संशय बाजूला ठेवा.

आता तिला काय होतं ते. दुखणं हा मधला भाग आहे. सुरुवात काही तास, कधी एक-दोन दिवस आधी होते: एकामागून एक जांभया, मान आखडणं, विनाकारण चिडचिड, सारखं लघवीला जाणं, गोड खाण्याची अनावर इच्छा. 'चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं चढलं' असं सांगितलं जातं, तेव्हा पुष्कळदा क्रम उलटा असतो. झटका सुरू झाला होता म्हणूनच चॉकलेट हवंसं वाटलं. या खुणा तिच्याआधी तुमच्या लक्षात येण्याची शक्यता जास्त आहे.

दर तीन-चार रुग्णांपैकी एखाद्याला यानंतर 'ऑरा' येतो. वाचताना एखादं अक्षर गायब होतं, तिथे चमचमता ठिपका दिसतो, मग त्याच्याभोवती किल्ल्याच्या तटासारखी नागमोडी, थरथरती रेघ उमटते आणि वीस-तीस मिनिटांत कडेकडे सरकत जाते. डोळे मिटले तरी ती दिसत राहते, कारण ती डोळ्यात नसून मेंदूच्या मागच्या भागात असते. तिथे पेशींच्या उत्तेजनाची आणि मागोमाग शांततेची एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पसरते. ब्राझीलचे संशोधक लेआँव यांनी १९४४ साली प्राण्यांच्या मेंदूत ही लाट पहिल्यांदा नोंदवली. काहींना बोटांत मुंग्या येतात, त्या हळूहळू दंडातून ओठांपर्यंत चढतात. काहींना शब्द सापडत नाहीत. एकेक लक्षण ५ ते ६० मिनिटं टिकतं. 'हळूहळू पसरतं' हे लक्षात ठेवा. पक्षाघातात हात किंवा बोलणं एका क्षणात जातं.

मग ठणका. कानशिलात किंवा डोळ्यामागे, नाडीच्या ठोक्याबरोबर. नाव अर्धशिशी असलं तरी अनेकांचं दोन्ही बाजूंनी दुखतं. जिना चढला, चप्पल उचलायला वाकलं की घण पडतात, म्हणून माणूस हालचालच टाळतो. साध्या डोकेदुखीत आपण कण्हत का होईना पण स्वयंपाक करतो. इथे उभं राहणंच शक्य नसतं. ट्यूबलाइट टोचते, कुकरची शिट्टी कवटीतून जाते, लसणाच्या फोडणीच्या वासाने ओकारी येते. काही तासांनी त्वचासुद्धा हुळहुळी होते: कंगवा, अंबाडा, कानातले, उशीचा स्पर्श, सगळं दुखतं. औषध घेतलं नाही तर हे ४ ते ७२ तास चालतं. आणि थांबल्यावरही दुसरा दिवस पिळून काढलेल्या फडक्यासारखा जातो. डोकं जड, विचार मंद. 'आता दुखत नाही ना, मग चल' असं त्या दिवशी म्हणू नका.

औषधाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे थांबून बघणं. 'गोळ्या बऱ्या नव्हेत, सहन होईल तोवर सहन करू' असं म्हणत ती दोन तास काढते, तोवर जठर मंदावतं, गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीत बाहेर येते, आणि मग 'मला गोळ्या लागूच पडत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. गोळी ठणका सौम्य असताना, शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात, पूर्ण मात्रेत घ्यायची. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची एक गोळी सहसा अपुरी पडते; १००० मिग्रॅ लागतं. (२४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, वजन कमी किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा.) त्याने भागत नसेल तर आयबुप्रोफेन ४०० किंवा नॅप्रोक्सेन ५०० मिग्रॅ, दोन घास खाऊन. मळमळ असेल तर डॉक्टर सोबत डॉमपेरिडोन १० मिग्रॅ देतात. ते उलटी थांबवतं आणि जठर हलतं ठेवतं, त्यामुळे वेदनाशामक गोळीही पुढे सरकते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. गरोदरपणातही नको. पावसाळ्यात डोकेदुखीसोबत ताप असेल तरी नको. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

याने दोन-तीन झटके आटोक्यात आले नाहीत तर ट्रिप्टान मागा: सुमाट्रिप्टान ५० मिग्रॅ किंवा रिझाट्रिप्टान १० मिग्रॅ, चिठ्ठीवर मिळतात. ही वेदनाशामकं नव्हेत, मायग्रेनच्या यंत्रणेवरच काम करतात. ऑरात नाही, ठणका सुरू होताच घ्यायची. छातीत, गळ्यात थोडा वेळ आवळल्यासारखं वाटू शकतं. हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर वर्ज्य. आपल्याकडे अजून एर्गोटामिन आणि कॅफीन असलेल्या जुन्या मिश्र गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्या माझ्या मते घरात नसाव्यात. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत घेतलं तर हातापायांची बोटं काळी पडण्यापर्यंत मजल जाते. आणि ट्रिप्टानच्या आगेमागे २४ तासांत ते चालत नाही.

लवकर घ्या म्हटलं, तसंच मोजूनही घ्या. ट्रिप्टान, एर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या महिन्यात १० दिवस किंवा साधी वेदनाशामकं १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. दिवस मोजायचे, गोळ्या नव्हेत. आठवड्यात दोनच दिवस, ही सोपी मर्यादा पाळा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुखलं त्या तारखेला गोल आणि गोळी घेतली त्या तारखेला फुली करा. पाळीचे दिवसही लिहा. एवढी तीन महिन्यांची नोंद डॉक्टरला एमआरआयपेक्षा जास्त सांगते.

झटक्याच्या वेळी तुमचं काम फार बोलण्याचं नाही. जांभया-चिडचिड दिसली की पाण्याचा ग्लास आणि दोन बिस्किटं पुढे करा, ठणका सुरू होताच गोळी. पडदे ओढा, फोन सायलेंट करा, उशाशी टोप आणि ओला नॅपकिन ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून कपाळावर किंवा मानेमागे १५ मिनिटं. काहींना गरम शेक बरा वाटतो, तिला विचारून ठरवा. डोक्याला ओढणी घट्ट बांधण्याची जुनी रीत काहींना खरोखर आराम देते. सुंठेचा लेप, बाम यांचं नुकसान फारसं नाही, पण त्वचा हुळहुळी झाल्यावर लेप झोंबतो आणि बामच्या उग्र वासाने मळमळ वाढते, म्हणून लावायचं तर सुरुवातीलाच. उदबत्ती, फोडणी, परफ्यूम बंद. दर दहा मिनिटांनी 'कसं वाटतंय?' विचारू नका. उत्तर द्यायलाही डोकं लागतं.

झटका का येतो? मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसवत नाही. एकटं जागरण किंवा एकटं ऊन निभतं. जागरण, ऊन आणि लांबलेलं जेवण एकत्र आलं की निभत नाही. म्हणून एकच खलनायक शोधत बसू नका. आपल्या घरांतले नेमके प्रसंग मात्र ओळखा. चतुर्थीच्या उपवासाला दिवसभर पोट रिकामं, आणि चहाही सोडला तर कॅफीन तुटल्याची डोकेदुखी वर. उपवास करायचाच असेल तर दर तीन तासांनी फळ, दूध, ताक आणि नेहमीचा चहा नेहमीच्या वेळी. रविवारी उशिरापर्यंत झोपणं हेही कारण ठरतं. डोक्यावरून आंघोळ करून ओले केस तसेच बांधणं हे तर खास आपल्याकडचं कारण. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली होती. केस लवकर वाळवणं किंवा धुण्याचा दिवस बदलून बघणं सोपं आहे. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत हटकून येत असेल, तर ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी घसरल्यामुळे; त्या चार-पाच दिवसांपुरतं प्रतिबंधक औषध देता येतं. तिला ऑरा येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पक्षाघाताचा धोका वाढवतात. हे स्त्रीरोगतज्ज्ञाने विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

पुढचं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ लावा किंवा थेट रुग्णालय गाठा: एका मिनिटात टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, अचानक वाकडं तोंड, लुळा हात, अडखळतं बोलणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा गरोदरपणात अथवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली डोकेदुखी त्याच दिवशी दाखवा.

महिन्यात तीन-चार झटके आणि प्रत्येक दोन दिवसांचा असेल, तर रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करण्याइतकं झालंच. त्यातले पर्याय असे: प्रोप्रॅनोलॉल, पण ते दम्यात चालत नाही. अॅमिट्रिप्टिलिन रात्री १० मिग्रॅपासून सुरू करतात, झोप आणि वजन वाढवतं. फ्लुनारिझिनने वजन वाढतं आणि मन उदास होऊ शकतं, म्हणून ते सहसा काही महिन्यांपुरतंच. टोपिरामेटने मुंग्या येतात, वजन उतरतं, शब्द अडतात. मूल हवं असेल तर टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट दोन्ही टाळायची, हे पहिल्याच भेटीत बोला. यातलं कोणतंही औषध निवडलं तरी मात्रा हळूहळू वाढवतात आणि पुरेशा मात्रेवर ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. बहुतेक जण पंधराव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडून देतात. झटके निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं धरतात. कॅलेंडरवरचे गोल मोजले की ते कळेल.