मुद्रा कर्ज पहिल्यांदाच घेताय? आधी एवढं करा

ताई, मिरची-मसाल्याचं कांडप मशीन घ्यायचं ठरवलंत, झकास! मुद्रा म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना. त्यात ५०,००० पर्यंतचं कर्ज ‘शिशु’, त्यापुढे ५ लाखांपर्यंतचं ‘किशोर’. दोन्हींना तारण लागत नाही. पुढचे प्रकार आत्ता सोडून द्या.

आधी गल्ल्याकडे बघा. रोख विक्री डब्यातच राहिली तर बँकेला तुमचा धंदा दिसणार कुठून? क्यूआरचे पैसे मिस्टरांच्या खात्यात जात असतील तर ते आजच बंद करा. धंद्याचं वेगळं खातं हवं, रोकडही त्यातच भरा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फक्त मशीनचे पैसे मागतात. सिझनला मिरची-धने रोखीनं घ्यावे लागतात, मग मशीन नुसतं उभं. मशीनला मुदत कर्ज (ठरलेल्या मुदतीत हप्त्यांनी फेडायचं), मालाला खेळतं भांडवल (रोजच्या खरेदीसाठीचा पैसा), असं अर्जात वेगवेगळं लिहा.
- उद्यम नोंदणीसाठी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) एजंटला पैसे देतात. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते.
- एकदम चार बँकांत अर्ज टाकतात. प्रत्येक बँकेच्या चौकशीची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेकडे, होते.

मशीनचं कोटेशन विक्रेत्याच्या लेटरहेडवरच घ्या, चिठ्ठीवर नको. आणि मॅनेजर “नंतर या” म्हणाले तरी अर्ज देऊन पोच घ्याच.