काळोखातलं पान

प्रश्न : माझा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. तिथे मिट्ट काळोखात जेवण वाढतात अशा जागी तो आम्हाला नेणार म्हणतो. सासूबाईंची नजर दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने गेली. मुलाचं म्हणणं, ‘आजीला कसं वाटतं ते आपल्याला कळेल.’ मला धास्ती वाटते. शिवाय पैसे मोजून आंधळेपणाचा खेळ करणं बरं दिसतं का? घरी सासूबाईंना मासे मी काटे काढूनच भरवते.
— एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : ताई, जा. मी जाऊन आले आहे. काही वर्षांपूर्वी हैदराबादच्या इनऑर्बिट मॉलमध्ये ‘डायलॉग इन द डार्क’च्या ‘टेस्ट ऑफ डार्कनेस’मध्ये जेवले. मोबाईल, घड्याळ, उजेड पडेल असं सगळं बाहेर ठेवायचं, वाढप्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि एकामागून एक रांगेने आत जायचं. वाढपी स्वतः दृष्टिहीन असतात. कुठल्या पदार्थाचं वावडं असेल, मधुमेह असेल, तर आधीच सांगा. आत एकटं उठायचं नाही, हाक मारली की ते येतात. ग्लासात पाणी ओतताना काठावरून बोट आत सोडायचं. बोटाला पाणी लागलं की थांबायचं.

वेंगुर्ल्यात सव्वीस वर्षं खानावळ चालवूनही मला तिथे लाल भोपळा आणि रताळं वेगळं सांगता आलं नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यात बराच वाटा नाकाचा असतो आणि थोडा डोळ्यांचा, हे त्या दिवशी कळलं.

ही कल्पना आली परदेशातून. झुरिकला १९९९ साली अशी पहिली कायमची जागा उघडली, ‘ब्लिंडेकू’ नावाची. त्या जर्मन शब्दाचा अर्थ आंधळी गाय. मुलांच्या ज्या खेळाला आपण आंधळी कोशिंबीर म्हणतो, त्याचं ते तिकडचं नाव. पण ती जागा खेळासाठी काढलेली नव्हती. दृष्टिहीनांना पगाराची नोकरी मिळावी आणि डोळसांनी त्यांचं काम जवळून बघावं म्हणून ती काढली. तेव्हा बरं दिसतं का, ही शंका मनातून काढून टाका.

मुलाचं म्हणणं मात्र मला पटत नाही. एका संध्याकाळच्या काळोखात आजीचं जग कळत नाही. आपल्याला कळते ती पहिल्या दिवसाची भीती. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी डोळसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हेच तपासलं. पट्टी सोडल्यावर त्या लोकांना अंध माणसं आधीपेक्षा कमी कुवतीची वाटू लागली, असं त्यांना आढळलं. हे संशोधन करणाऱ्यांमधली एक स्वतः जन्मांध. म्हणून तिथे आपण किती चाचपडलो ते मोजत बसू नका. गरम वाटी दहा जणांच्या डोक्यांवरून नेऊन बरोबर तुमच्या पुढ्यात ठेवणाऱ्या त्या माणसाकडे लक्ष द्या.

माझे बाबाही काचबिंदूनेच आंधळे झाले. पहिले सहा महिने मी त्यांना बांगडा काटे काढून, भातात कालवून द्यायची. हळूहळू ते म्हणायला लागले, ‘आज मासो नको.’ मला वाटलं, वयामुळे इच्छा गेली. मग मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, वीज गेली, मेणबत्ती वाऱ्यात टिकेना. घर सगळं काळोखात. मी म्हटलं, आता मासे नकोत, कोणाच्या तरी घशात काटा अडकेल. बाबा म्हणाले, ‘काटो बोटाक गावता गो, डोळ्यांक नाय.’ त्यांनी माझा हात धरून आपल्या पानातल्या बांगड्यावर ठेवला. अंगठा पाठीकडून शेपटाकडे हलका दाबत नेला, मांस सुटलं, मधला काटा अख्खा वर आला. मग पोटाकडचे बारीक काटे दोन बोटांच्या चिमटीत एकेक करून. पाच माणसांत सगळ्यात आधी त्यांचं पान संपलं. सहा महिने मी त्यांच्याकडून काय काढून घेत होते, ते तेव्हा लक्षात आलं. अजून आठवलं की जीव कळवळतो.

ताई, भरवणं थांबवा. ताटातल्या जागा सांगायला तिकडे घड्याळाचे आकडे वापरतात, बाराला भात, तीनला भाजी. आपल्याला त्याची गरज नाही, आपलं पान पूर्वीपासून ठरलेलं आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. सासूबाईंनी जन्मभर असंच वाढलं असेल, त्यांचा हात आपोआप तिथे जाईल. फक्त रोज जागा बदलू नका, आणि वाढताना बोला : ‘उजवीकडे वाटीत कालवण, गरम आहे.’ काट्यांसाठी डावीकडे रिकामी वाटी ठेवा. सुरुवात कमी काट्यांच्या मुडदुशीने करा, मग अख्खा बांगडा द्या. भिंग मात्र इतक्यात नको, त्याचे काटे डोळसांनाही आवरत नाहीत.

आणि बांगड्याचं तिखलं केलंत तर तिरफळं किती घातलीत तेही सांगा, ती स्वादापुरती असतात, खायची नसतात. बाबा आकडा विचारून घ्यायचे आणि तेवढी मोजून पानाच्या कडेला काढून ठेवायचे.