कोळशावरच्या वीज केंद्रातून निघणारा पारा उत्प्रेरक बसवून रोखता येतो का? आपल्याकडे तो का बसवत नाहीत?

उत्प्रेरक पारा रोखत नाही. तो पाऱ्याचं फक्त रूप पालटतो, धरण्याचं काम पुढच्या यंत्राचं. आणि तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "ईएसपी ९९.९ टक्के राख पकडतो, मग पाराही त्यात आलाच असेल", त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या रसायन विभागात मी सगळी नोकरी केली आणि हे वाक्य मी तिथे प्रत्येक बैठकीत ऐकलं आहे.

ईएसपी म्हणजे धुरातली राख विजेच्या भाराने प्लेटांवर ओढून धरणारं यंत्र. राख घन आहे, पारा नाही. भट्टीत कोळशातला जवळजवळ सगळा पारा वाफ होऊन सुटतो. धूर गार होत येतो तसा त्यातला काही क्लोरीनशी जुळून मर्क्युरिक क्लोराइड होतो, थोडा न जळलेल्या कार्बनला चिकटतो, उरलेला मूळ रूपात तसाच राहतो. चिकटलेला ईएसपीत सापडतो. क्लोराइड पाण्यात विरघळतं, म्हणून ओल्या एफजीडीत, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रात, धुऊन निघतं. मूळ पारा ना प्लेटला लागत ना पाण्यात विरघळत, तो सरळ चिमणीतून वर जातो.

आम्ही हे मोजलं होतं. बाहेरची प्रयोगशाळा आली होती, पण चिमणीच्या प्लॅटफॉर्मवर नमुना घेताना मी हट्टाने उभी राहिले. बर्फाच्या पेटीत काचेच्या बाटल्या ओळीने लावलेल्या असतात. आधी पोटॅशियम क्लोराइडच्या तीन, त्यात ऑक्सिडाइज झालेला, म्हणजे क्लोराइड रूपातला, पारा उतरतो. मग नायट्रिक आम्ल आणि पेरॉक्साइडची एक. शेवटी परमँगनेटच्या तीन, गडद जांभळ्या, मूळ पाऱ्यासाठी. बॉयलरचे साहेब वर आले, बाटल्यांकडे बघून म्हणाले, "मॅडम, रंग तर जसाच्या तसा आहे. म्हणजे पारा नाहीच." मी सांगितलं, रंग टिकायलाच हवा. तो उडाला तर सल्फर डायऑक्साइडने परमँगनेट खाऊन टाकलं असा अर्थ, आणि मग तो नमुना रद्द. मायक्रोग्रॅमभर पाऱ्याने रंग हलत नसतो. तो प्रयोगशाळेत स्टॅनस क्लोराइड घालून, वाफ काढून, २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजावा लागतो. साहेबांनी मान हलवली आणि खाली जाऊन "निरंक" असंच सांगितलं.

अहवाल आला तेव्हा ईएसपीच्या पुढच्या पाऱ्यातला मोठा वाटा परमँगनेटच्याच बाटल्यांत होता. फाइलमध्ये मात्र फक्त "एकूण पारा, मर्यादेत" एवढी ओळ राहिली. रूपांचा तक्ता गळला. त्याबद्दल मी लेखी हरकत घेतली, तिला उत्तर आलं नाही.

मर्यादेत असणारच होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने पाऱ्याला घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम मर्यादा दिली. आपल्या कोळशात टनामागे ०.१५ ग्रॅम पारा धरा. किलोभर कोळशाचा पाच-सहा घनमीटर धूर होतो. भागाकार करून बघा, काहीही न पकडता सगळा पारा सोडला तरी आकडा त्या मर्यादेच्या आतच बसतो. अमेरिकेचा २०१२ चा नियम याच मापात काढला तर सुमारे दीड मायक्रोग्रॅम येतो, आपल्या मर्यादेच्या विसाव्या हिश्शाइतका. आणि ५०० मेगावॅटचं युनिट दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा जाळतं, म्हणजे पारा रोज किलोच्या वर. याला नियंत्रण म्हणणं मला मान्य नाही.

आता उत्प्रेरक. तो एससीआर नावाच्या यंत्रणेत असतो, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडवर व्हॅनेडियम आणि टंगस्टनचे ऑक्साइड असतात. धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणारा इकॉनॉमायझर आणि हवा तापवणारा एअर प्रीहीटर यांच्या मध्ये, ३०० ते ४०० अंशांत. त्याचं मुख्य काम अमोनिया वापरून नायट्रोजन ऑक्साइड मोडणं. जाता जाता तो मूळ पाऱ्याचं क्लोराइड करतो, पण त्यासाठी धुरात हायड्रोजन क्लोराइड लागतं आणि आपल्या कोळशात क्लोरीन कमी. शिवाय अमोनिया उत्प्रेरकावरच्या त्याच जागा अडवतो, त्यामुळे पाऱ्याचं काम बहुतेक शेवटच्या थरात, अमोनिया संपत आल्यावर होतं. त्यात आपली ३५-४० टक्के राख उत्प्रेरकाची छिद्रं बुजवते आणि कडा झिजवते. "का बसवत नाहीत" याचं निम्मं उत्तर हे. कोळशावर कॅल्शियम ब्रोमाइड फवारून क्लोरीनची उणीव भरता येते, अमेरिकेत ते करतात.

उरलेलं निम्मं उत्तर मला जास्त खटकतं. ओलं एफजीडी नसेल तर उत्प्रेरकाने केलेलं क्लोराइड चिमणीतूनच बाहेर पडणार, आणि ते मूळ पाऱ्यासारखं जगभर फिरत नाही, जवळपासच्या तळ्या-शेतांत उतरतं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुतेक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट दिली. चर्चा सगळी सल्फरची झाली. त्या एफजीडीबरोबर पारा धरण्याची सोयही गेली, हे फारसं कुणी बोललं नाही. पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारावर आपण २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलेलं आहे, आणि त्यात कोळशाची वीज केंद्रं नावानिशी आहेत.

तुम्ही प्रकल्प करताय म्हणून सांगते, एकूण पाऱ्याचा एकच आकडा देऊ नका. कणांवरचा, ऑक्सिडाइज झालेला आणि मूळ, असे तीन रकाने पाडा. मार्गदर्शक म्हणाले "एकूण पुरे", तर वरचा भागाकार त्यांच्यासमोर करा.

दोन गोष्टी राहिल्या. ईएसपी अगदीच निकामी नाही, राखेत न जळलेला कार्बन जास्त असेल तर तो बऱ्यापैकी पारा धरतो. आणि एफजीडीतही सल्फाइटमुळे थोडा पारा पुन्हा मूळ रूपात येऊन निसटतो, उरलेला जिप्सम आणि सांडपाण्यात जातो. राखेतला पाराही विटा भाजताना परत सुटतो, तेव्हा राख कुठे जाते तेही प्रकल्पात लिहा.