इन्सुलिनचा डोस वाढवण्याआधी

मधुमेहाच्या शुश्रूषेवर आलेल्या पत्रांत या वेळी इन्सुलिनचेच प्रश्न जास्त आहेत. त्यातल्या पहिल्या प्रश्नाला मुद्दामच जास्त जागा दिली आहे. उत्तरं मधुमेहाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी लिहिली आहेत.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ बाटलीतलं, पांढरट दिसणारं इन्सुलिन मी तिला सिरिंजने देते. सकाळचा डोस २० युनिटवरून २६ पर्यंत वाढवला, तरी साखर कधी २५० तर कधी एकदम ८०. जेवणाच्या वेळा ती काटेकोर पाळते. पोटावर एके ठिकाणी तिला दुखत नाही, म्हणून सुई मी तिथेच टोचते. आणखी डोस वाढवावा लागेल का?

उत्तर : आधी डोसचा विचार बाजूला ठेवा आणि बाटली, सिरिंज व पोट, या तीन गोष्टी नीट बघा. साखर अशी वरखाली होते तेव्हा पुष्कळदा औषध कमी पडत नसतं, ते शरीरात पोचतच नसतं किंवा रोज वेगळ्या वेगाने पोचत असतं.

बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती युनिट आहेत ते छापलेलं असतं : ४० किंवा १००. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, शंभरच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. दोन्ही सिरिंज दिसायला सारख्याच, पण खुणा वेगळ्या. चाळीसची बाटली आणि नारिंगी सिरिंज अशी जोडी झाली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात ८ युनिट असतात. उलट झालं, म्हणजे शंभरची बाटली आणि लाल सिरिंज, तर त्याच खुणेला ५० युनिट जातात आणि जिवावर बेतू शकतं.

तुमची जोडी चुकीची निघाली, तर एक गोष्ट अजिबात करू नका : योग्य सिरिंज आणून तोच आकडा भरू नका. समजा, चाळीसच्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने तुम्ही '२६' देत होता. आईला खरे १०.४ युनिट मिळत होते. योग्य सिरिंजने २६ दिले की एका दिवसात डोस अडीच पट होईल. आधी डॉक्टरांना फोन करा, काय घडत होतं ते सांगा आणि नवा आकडा विचारून घ्या.

आता बाटलीतलं औषध. पांढरट इन्सुलिन ठेवून दिलं की त्यातला साका तळाशी बसतो. तसंच भरलं तर एक दिवस पातळ पाणी जातं, दुसऱ्या दिवशी घट्ट साका. बाटली दोन्ही तळव्यांत धरून दहा वेळा हळू फिरवा, मग दहा वेळा उलटसुलट करा. सगळीकडे दुधासारखा एकसारखा रंग आला पाहिजे. जोराने हलवू नका, त्याने फेस होतो आणि सिरिंजमध्ये औषधाऐवजी हवा शिरते. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला कण चिकटलेले दिसले, तर ती बाटली टाकून द्या. पारदर्शक इन्सुलिनचं उलट आहे, ते गढूळ दिसलं की वापरायचं नाही.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली बाटली गोठते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी त्याचा भरवसा उरत नाही. उघडलेली बाटली बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालते. नेमकी मुदत सोबतच्या कागदावर बघा. बाटली उघडाल त्याच दिवशी तारीख लेबलवर लिहा. कमी डोस असलेल्यांची इथे हमखास चूक होते. चाळीसच्या दहा मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज १० युनिट लागत असतील तर ती चाळीस दिवस पुरते. औषध उरतं, मुदत मात्र आधीच संपलेली असते.

आणि पोट. 'तिथे दुखत नाही' हे वाचून आम्हाला सर्वांत जास्त शंका तिथेच आली. एकाच जागी वारंवार टोचलं की कातडीखालची चरबी फुगून गाठ तयार होते. तिथे सुई टोचली तरी फारसं कळत नाही, म्हणून पुन्हा तिथेच टोचावंसं वाटतं. गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी हळू उतरतं, कधी भराभर. तुमचे २५० आणि ८० यातून आलेले असू शकतात.

गाठ नुसत्या नजरेला चुकते, म्हणून हाताने शोधा. आईला उजेडात आधी उभं करून बघा, मग आडवं झोपवा. बोटांच्या टोकांना थोडं क्रीम लावून बेंबीच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने सावकाश फिरवा. निरोगी जागेची चिमूट पातळ आणि मऊ येते. गाठ असेल तिथे बोटाखाली रबरासारखं घट्ट लागतं आणि चिमूट जाड येते किंवा येतच नाही. पेनाने तिची कडा आखून ठेवा आणि त्या आत काही महिने सुई टोचू नका. गाठ सावकाश बसते.

इथेही तोच इशारा. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तेवढंच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि साखर घसरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, बहुधा ते डोस कमी करतील. पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा. पुढे पोटाचे चार भाग मानून दर आठवड्याला एक भाग वापरा, आणि त्या भागातही आदल्या टोचण्यापासून एक बोट अंतर सोडा. सिरिंज आणि सुई दर वेळी नवी घ्या. बोथट झालेली सुई गाठ वाढवते.

प्रश्न : इन्सुलिनच्या पेनाने डोस घेतल्यावर सुई बाहेर काढली की टोकाला थेंब दिसतो. तेवढं औषध वाया गेलं असं धरून वर दोन युनिट घ्यावेत का?

उत्तर : नाही. अंदाजाने वर घेऊ नका, थेंब यायचं कारण काढा. बटण पूर्ण दाबल्यावर पेनाच्या खिडकीत शून्य दिसलं पाहिजे. त्यानंतर सुई आतच ठेवून सावकाश दहापर्यंत मोजा आणि मगच बाहेर काढा. औषध बारीक नळीतून यायला तेवढा वेळ घेतं.

दुसरं कारण म्हणजे पेनात शिरलेली हवा. सुई लावूनच पेन ठेवून दिलं की औषध झिरपतं आणि त्याच्या जागी हवा जाते. म्हणून टोचून झालं की सुई काढून टाका. पुढच्या वेळी नवी सुई लावा, दोन युनिट फिरवा, सुई वर धरून बटण दाबा. टोकाला थेंब आला तरच आपला डोस फिरवा, नाहीतर हीच कृती पुन्हा करा. ही दोन युनिटची चाचणी पुष्कळ जण औषध वाचवायला म्हणून टाळतात. तसं करू नका. सुई तुंबलेली असेल तर ते फक्त इथेच कळतं. ४ मिलिमीटरची सुई सरळ, काटकोनात टोचावी. माणूस फार बारीक असेल तर हलकी चिमूट धरावी.

प्रश्न : वडील ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज घेतात. परवा रात्री त्यांना दरदरून घाम फुटला, साखर ५८ होती. साखरेचं पाणी दिलं तरी अर्धा तास फरक पडला नाही. मग ती चढली आणि पहाटे पुन्हा उतरली. असं का झालं?

उत्तर : दोन्ही गोष्टींचं कारण त्यांच्या गोळ्यांत आहे. आपली नेहमीची साखर आतड्यात फुटते आणि मग रक्तात जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे फुटणंच मंद करतं. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्याची साखर उतरली तर साखरेचा उपयोग उशिरा होतो. त्याला ग्लुकोजच लागतं. ते फोडावं लागत नाही. ग्लुकोजची पावडर त्यांच्या उशाशी कायम असू द्या.

रीत अशी : साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, थोड्या पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. वर आली की काहीतरी पोटभरीचं खायला द्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी, ग्लुकोज, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. घरात ग्लुकॅगॉन, म्हणजे उतरलेली साखर चढवणारं औषध, असेल आणि ते द्यायला शिकवलेलं असेल तर द्या.

पहाटे साखर पुन्हा उतरली ती ग्लिमेपिराइडमुळे. त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, आणि वयाने किंवा आजाराने मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर आणखी लांबतो. म्हणून या गोळीने साखर उतरली तर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होऊ नका. दर एक-दोन तासांनी तपासत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पुढचा डोस त्यांना न विचारता देऊ नका. मूत्रपिंडाची तपासणी शेवटची कधी झाली, तेही बघा.

प्रश्न : ताप आणि उलट्या असताना जेवण जात नाही. मग सगळीच औषधं बंद ठेवायची ना?

उत्तर : सगळी नाही. आजारपणात शरीर स्वतःच साखर वाढवतं, त्यामुळे न खाताही ती चढते. दिवसभर पुरणारं इन्सुलिन बंद करू नये, टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्या प्रकारात, तर कधीच नाही. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या सहसा थांबवायला सांगतात. तुमच्या बाबतीत काय करायचं, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. साखर दर चार तासांनी तपासा, घोट घोट पाणी घेत राहा. पाणीही पोटात ठरत नसेल, पोटात दुखत असेल, श्वास खोल आणि जलद चालत असेल किंवा गुंगी येत असेल, तर रुग्णालय गाठा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, म्हणून आकडा बरा आहे एवढ्यावर थांबू नका.

प्रश्न : मेटफॉर्मिनची सावकाश विरघळणारी गोळी शौचातून अख्खी पडलेली दिसते. कुटून घेऊ का?

उत्तर : कुटू नका. पडतं ते नुसतं टरफल असतं, औषध आतड्यात उतरलेलं असतं. कुटलीत तर दिवसभराचं औषध एकदम बाहेर येईल. गिळायला त्रास होत असेल तर साधी गोळी किंवा पातळ औषध मागून घ्या. ही गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ जीवनसत्त्व कमी झालंय का ते तपासून घ्या. त्या मुंग्या मधुमेहाच्याच समजून सोडून दिल्या जातात.

प्रश्न : मी परिचर्येची विद्यार्थिनी आहे. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाला शिकवायला दहाच मिनिटं मिळतात. त्यात काय घ्यावं?

उत्तर : 'समजलं का?' हा प्रश्न सोडून द्या. घरी जायच्या घाईत प्रत्येक जण हो म्हणतो. त्याऐवजी सिरिंज किंवा पेन त्यांच्याच हातात द्या, त्यांच्याच डोळ्यांनी खुणा वाचू द्या आणि पूर्ण कृती करून दाखवायला सांगा. खुणा दिसत नाहीत, बोटं थरथरतात, सुई लगेच बाहेर काढली जाते, हे असंच कळतं. घरी सुई दुसरं कोणी देणार असेल तर त्या माणसाला समोर बसवा. मग दोनच प्रश्न विचारा : साखर उतरली हे कशावरून ओळखाल आणि पहिलं काय कराल? जेवण चुकलं तर इन्सुलिनचं किंवा गोळीचं काय कराल? उत्तर अडखळलं तर तेवढंच पुन्हा शिकवा. आहार, व्यायाम आणि पायांची निगा पुढच्या भेटीला ठेवा. ते महत्त्वाचं आहेच, पण आज रात्री घात होतो तो चुकीच्या डोसाने.

कागदावर डोस लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी 'यू' हे अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० वाचले जातात.

प्रश्न : सुई घेतली की नाही हेच कधी कधी आठवत नाही. मग काय करावं?

उत्तर : खात्री नसेल तर दुसरी सुई घेऊ नका. साखर तपासा, दोन-तीन तासांनी पुन्हा तपासा आणि आकडे घेऊन डॉक्टरांना फोन करा. टाइप १ असेल तर लगेच करा. यापुढे सुई काढल्या काढल्या, टोपण लावायच्याही आधी, वहीत वेळ आणि युनिट लिहा.