तुमचे प्रश्न : कॉलेजातला इमर्जन्सी मेडिसिन गट

प्रश्न : आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेल्या वर्षी आम्ही इमर्जन्सी मेडिसिनचा विद्यार्थी गट काढला. उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. मग दोन व्याख्यानं झाली, एक क्विझ झाली. आता बैठकीला सात-आठ जण उरतात. कुठे चुकतंय?
— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मराठवाडा

व्याख्यानं मुलं सकाळी आठपासून ऐकतच असतात. संध्याकाळी आणखी एक ऐकायला कोण कशाला थांबेल? वर्गात हाताला जे मिळत नाही ते गटात मिळालं पाहिजे. पाहुणे वर्षातून एकदा बोलवा, बाकी सगळा जोर सरावावर ठेवा. दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, दीड तास. विद्यापीठाच्या परीक्षेआधीचा महिना सुट्टी जाहीरच करून टाका, म्हणजे 'गट बंद पडला' अशी कुजबुज होत नाही.

सुरुवात सीपीआरपासून करा, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवण्यापासून. मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, विकत घ्यावी लागत नाही. कॉलेजच्या स्किल्स लॅबमध्ये किंवा भूलशास्त्र विभागात ती असतेच, बहुतेक वेळा कपाटात कुलूपबंद. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र द्या, वापरानंतर चेहरा सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून परत करा. एका मॅनिकिनमागे पाचच जण ठेवा. पंधरा जण गोळा झाले की दोघं दाबतात आणि तेरा जण मोबाइल बघतात.

दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हे सगळ्यांना पाठ असतं. चुका होतात त्या दुसरीकडे. जोशात वेग 140 वर जातो आणि छाती पुरती वर येण्याआधीच पुढचा दाब बसतो, मग हृदयात रक्त भरायला सवडच मिळत नाही. म्हणून मोबाइलवर 110 चा मेट्रोनोम लावा. मिनिटभराने हात थकतात, खोली कमी होते आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. त्यामुळे समोर बसलेल्याने फक्त छाती बघायची आणि मोठ्याने 'खोल', 'सोड' सांगत राहायचं. माणूस बदलताना पुढचा आधीच गुडघ्यावर तयार हवा. हा खंड दहा सेकंदांच्या आत संपला पाहिजे, घड्याळ लावून मोजा.

अंबू बॅगला (मास्क लावून हाताने दाबत श्वास द्यायची पिशवी) स्वतंत्र सत्र द्या. नवखा मुलगा एका हाताने मास्क धरतो, बाजूने हवा गळते, म्हणून दुसऱ्या हाताने तो बॅग पूर्ण पिळतो. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि श्वासाला त्यातली निम्मीसुद्धा लागत नाही. जास्तीची हवा पोटात जाते, पेशंट उलटी करतो, ती फुप्फुसात उतरते. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने छाती जेमतेम उचलेल इतकीच बॅग दाबायची. श्वासनलिकेत नळी टाकलेली असेल तर दर सहा सेकंदांनी एक श्वास, घाई नाही.

प्रश्न : केस चर्चेसाठी परदेशी व्हिडिओ दाखवतो, पण मुलं रमत नाहीत. दुसरं काय घेता येईल?
— गटाचा सचिव, कोकण

तुमच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या रुग्णांच्या विभागात, येतं ते घ्या. कोकणात सर्पदंश आणि विंचूदंश सोडून दुसरीकडे जायची गरजच नाही. लाल विंचवाच्या दंशात घामाने भिजलेला, हातपाय गार पडलेला पेशंट फुप्फुसात पाणी भरून का दगावतो आणि प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने काय बदललं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम. ते तुमच्याच भागात उभं राहिलं. एक अख्खी संध्याकाळ त्यावर घ्या.

सर्पदंशासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी प्रत्यक्ष करून बघा. लॅब टेक्निशियनकडून तयार असलेल्या एका स्वयंसेवकाचं सहा मिली रक्त काढून घ्या. दोन मिली नव्या, कोरड्या काचेच्या नळीत, दोन मिली प्लॅस्टिकच्या नळीत, दोन मिली डिटर्जंटने धुतलेल्या काचेच्या नळीत. तिन्ही नळ्या स्टँडमध्ये ठेवा, वीस मिनिटं हात लावू नका, मग एकदाच तिरप्या करा. नव्या काचेत घट्ट गुठळी दिसेल. बाकीच्या दोन नळ्यांत रक्त पातळच राहू शकतं, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागाने सुरू होते आणि साबणाचा अंश ती रोखतो. असा खोटा निकाल आला की विष चढलंय असं समजून गरज नसताना सर्पविषरोधक लस दिली जाते. तिची रिॲक्शन आली तर तीही जिवावर बेतू शकते. हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात धुतलेली नळी वापरणार नाही.

याला जोडूनच सांगा की ही चाचणी घोणस आणि फुरशासाठी आहे. नाग आणि मण्यारच्या दंशात रक्त नीट गोठतं, म्हणून 'चाचणी नॉर्मल, घरी जा' म्हणायचं नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, दंशाची खूण सापडत नाही आणि थोड्या वेळाने पापण्या जड व्हायला लागतात. अशा वेळी मण्यार डोक्यात यायलाच हवी. आपल्याकडची लस या चारही सापांवर चालते. मोठ्यांना आणि लहान मुलांना डोस सारखाच, कारण सापाने टोचलेलं विष वय बघून कमी होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे इमर्जन्सी मेडिसिनचा स्वतंत्र विभाग नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅज्युअल्टीत उभं राहता येईल का?
— द्वितीय वर्ष, विदर्भ

येईल, आणि यावंच. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीला मिळतात दोन आठवडे. तेवढ्यात गोंधळाची सवय होईपर्यंत पोस्टिंग संपतं.

विभाग नसला तरी मार्गदर्शक हवा. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो किंवा भूलशास्त्रातले एखादे सहयोगी प्राध्यापक बघा. अर्ज डीनच्या नावे, वैद्यकीय अधीक्षकांमार्फत. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: एका वेळी दोनच विद्यार्थी, संध्याकाळी सहा ते दहा, फक्त निरीक्षण, जबाबदार सीएमओ (कॅज्युअल्टीतले ड्यूटीवरचे डॉक्टर) कोण. आणि अर्ज मंजूर झाल्यावर इन्चार्ज सिस्टरना स्वतः जाऊन भेटा. बरेच गट इथेच अडकतात. वर परवानगी असते, पण खाली कोणालाच माहीत नसतं आणि मुलांना पहिल्याच दिवशी बाहेर काढलं जातं.

अंगावर ॲप्रन, पायात बंद बूट. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस (0, 1 आणि 6 महिने) झाल्याशिवाय कोणालाही पाठवू नका, म्हणजेच नाव नोंदवतानाच पहिला डोस. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, 10 mIU/ml च्या वर हवी. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच सीएमओंना सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग नाही. लाजेपोटी रात्रभर गप्प बसणारी मुलं असतात, म्हणून पहिल्या बैठकीतच हे बजावून सांगा.

फोटो नाही, पेशंटचं नाव नाही, नातेवाइकांना प्रकृतीबद्दल एक शब्द नाही, एमएलसीच्या (पोलीस केसच्या) कागदाला हात नाही. वहीत तीन रकाने पुरेत: तक्रार काय, ट्रायाजमध्ये (गंभीरतेनुसार पेशंटची विभागणी) लाल-पिवळा-हिरवा कुठे गेला, पहिल्या दहा मिनिटांत काय झालं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला का, एवढं एक जरी मुलं महिनाभर टिपत राहिली तरी बघायची नजर तयार होते. त्यांना ट्रॉली ढकलायला आणि रिपोर्ट आणायला जुंपलं जात असेल, तर मार्गदर्शकांनी मध्ये पडावं. मनुष्यबळाची उणीव भरून काढणं हे या मुलांचं काम नाही.

प्रश्न : मुलगी या गटात रमली आहे, पुढे याच विषयात एमडी करायचं म्हणते. मान्यता आहे ना?
— एक पालक, पुणे

आहे. मेडिकल कौन्सिलने (आता तिच्या जागी एनएमसी, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आहे) 2009 मध्ये हा स्वतंत्र विषय म्हणून मान्य केला. नीट-पीजी प्रवेश परीक्षेतून तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीच्या तोडीची पदवी), दोन्ही चालतं. खासगी रुग्णालयांत 'मास्टर्स' नावाने चालणारे काही अभ्यासक्रम मात्र आहेत. तिथे शिकायला मिळतं, पण त्यावर एनएमसीची पीजी पदवी म्हणून नोंद होत नाही, त्यामुळे सरकारी किंवा अध्यापनाच्या नोकरीत अडतं. फी भरण्याआधी एनएमसीच्या यादीत त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, अशी दोन्ही नावं आहेत का ते बघा.