मेंदूतील गाठ आणि तिच्या रक्तवाहिन्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मेंदूतील ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगाच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्याही झाल्या. गाठ पुन्हा उद्भवल्यावर डॉक्टरांनी बेव्हॅसिझुमॅब हे इंजेक्शन सुरू केले. त्यानंतरच्या एमआरआयमध्ये गाठीभोवतीचे पांढरे चमकणारे कडे जवळजवळ दिसेनासे झाले असून वडिलांचे बोलणेही सुधारले आहे. तरीही डॉक्टर ‘अजून पाहू’ एवढेच म्हणतात. आम्ही आनंद मानावा की नाही? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : वडिलांचे बोलणे सुधारले याचा आनंद जरूर मानावा. चमकणारे कडे नाहीसे झाले म्हणजे गाठ नाहीशी झाली, असे मात्र समजू नये. डॉक्टर हात राखून बोलत आहेत ते याच कारणाने.

कोणत्याही पेशीला प्राणवायू हवा असतो आणि केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपेक्षा दूर असलेल्या पेशीपर्यंत तो पुरेसा पोचत नाही. त्यामुळे वाढती गाठ लवकरच अशा टप्प्यावर येते की तिच्या काही भागाची उपासमार सुरू होते. प्राणवायू कमी पडला की पेशींमध्ये एचआयएफ नावाचे प्रथिन साचते आणि त्याच्या हुकुमावरून व्हीईजीएफ हे दुसरे प्रथिन बाहेर सोडले जाते. हे दुसरे प्रथिन शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, हे उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्लिओब्लास्टोमा ही व्हीईजीएफ मोठ्या प्रमाणावर तयार करणाऱ्या गाठींपैकी एक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मृत भागांच्या कडेला रक्तवाहिन्यांचे दाट, गुंतलेले झुबके दिसतात. ते मूत्रपिंडातील केशवाहिन्यांच्या गुच्छांची इतकी आठवण करून देतात की त्यांना नावही त्यावरूनच मिळाले आहे. असे झुबके दिसणे हा या गाठीच्या निदानातील एक अधिकृत निकष आहे.

मात्र घाईघाईने तयार झालेल्या या वाहिन्या धड नसतात. निरोगी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ त्या आत येऊ देत नाहीत. गाठीतल्या वाहिन्यांना हा बंदोबस्त जमत नाही. पाझरणाऱ्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही आणि काठची जमीन मात्र चिबड होते, तसेच येथे घडते : गाठीचा आतला भाग प्राणवायूवाचून राहतो आणि भोवतालच्या मेंदूला सूज येते. बोलणे अडखळणे, हातापायातली ताकद जाणे, सकाळी उठताना डोके दुखणे यांपैकी बराच त्रास या सुजेमुळे होतो.

आता एमआरआयकडे वळू. तपासणीच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचे जे औषध देतात, ते निरोगी मेंदूत रक्तवाहिनीबाहेर पडत नाही. वाहिनी पाझरत असेल तेथेच ते साठते आणि तेवढा भाग पांढरा चमकतो. म्हणजे चित्रात आपण जे पाहतो ती वाहिन्यांची गळती असते, गाठीच्या पेशी नव्हेत. बेव्हॅसिझुमॅब रक्तातच व्हीईजीएफला पकडून ठेवते. त्यामुळे गळती काही दिवसांतच कमी होते, सूज उतरते, सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनचा डोस पुष्कळदा कमी करता येतो आणि चमकही मावळते. गाठीच्या पेशी मात्र तितक्या प्रमाणात मेलेल्या असतीलच असे नाही. या दिखाऊ सुधारणेने पूर्वी भल्याभल्यांची फसगत होत असे. म्हणून २०१० साली या गाठींच्या मूल्यमापनाचे निकष बदलण्यात आले आणि केवळ चमक न मोजता एमआरआयच्याच फ्लेअर नावाच्या प्रतिमांमध्ये गाठ न चमकता पसरते आहे का, हेही पाहावे असे ठरले. पुढच्या अहवालात ‘फ्लेअर’ या शब्दापुढे काय लिहिले आहे, ते आपण डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

माझे स्वतःचे मत असे की हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीच कुटुंबाला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत : यातून रुग्णाला काही काळ बरे वाटण्याची चांगली शक्यता असते, पण आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. आधी सुंदर एमआरआय आणि मग हे स्पष्टीकरण, असा उलटा क्रम झाला की नातेवाइकांना ते ऐकणे फार जड जाते.

प्रश्न : रक्तपुरवठा तोडला की गाठ उपाशी मरेल, हा विचार इतका सरळ आहे. मग तो मेंदूच्या कर्करोगात यशस्वी का झाला नाही? (विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : हा विचार बॉस्टनचे शल्यचिकित्सक जूडा फोकमन यांनी १९७१ साली ठामपणे मांडला, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पुढे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी बेव्हॅसिझुमॅबला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २००९ मध्ये पुन्हा उद्भवलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठीही ती मिळाली. युरोपच्या औषध नियामकांनी मात्र त्याच वर्षी या आजारासाठी मान्यता नाकारली.

निर्णायक उत्तर २०१४ साली आले. नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकीत ९२१ रुग्ण होते. त्यांच्यात आजार बळावेपर्यंतचा काळ ६.२ महिन्यांवरून १०.६ महिन्यांपर्यंत वाढला, परंतु एकूण आयुर्मान हे औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखेच, सुमारे पावणेसतरा महिने भरले. पुन्हा उद्भवलेल्या गाठीवरील २०१७ सालच्या चाचणीतही लोमुस्टिन या किमोच्या औषधाच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब दिल्याने आयुर्मानात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याचे मुख्य कारण असे की मेंदू हा मुळातच रक्ताने समृद्ध अवयव आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेल्या या अवयवाला विश्रांतीच्या अवस्थेत एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के लागतो आणि त्यासाठी केशवाहिन्यांचे दाट जाळे तयारच असते. नव्या वाहिन्यांची वाट बंद झाली की ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी या जुन्या, निरोगी वाहिन्यांच्या कडेकडेने सरकत पसरू शकतात. शिवाय वाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ हे एकच प्रथिन नाही; एक दार लावले की दुसरे उघडते. उपासमारीने पेशी अधिक आक्रमक होण्याची शक्यताही प्रयोगांत दिसली आहे.

मूळ भारतीय असलेले हार्वर्डमधील शास्त्रज्ञ राकेश जैन यांनी या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. वाहिन्या तोडण्याऐवजी काही काळ त्यांची घडी नीट बसवावी, म्हणजे किमो आणि प्राणवायू आतपर्यंत पोचतील आणि रेडिएशनचाही परिणाम वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे. कल्पना मोहक आहे. अडचण अशी की ही सुस्थिती थोडाच काळ टिकते आणि ती नेमकी केव्हा साधायची, हे प्रत्येक रुग्णात ओळखणे कठीण जाते.

प्रश्न : आईच्या मेनिन्जिओमाच्या शस्त्रक्रियेआधी मांडीतून नळी घालून गाठीची रक्तवाहिनी बंद करणार आहेत. हाच उपचार तो का? (बेळगाव)

उत्तर : नाही. मेनिन्जिओमा मेंदूच्या आवरणातून वाढतो आणि त्याचा रक्तपुरवठा बहुधा त्या आवरणाच्या धमन्यांमधून येतो. त्या आधी बंद केल्या की शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा, एवढाच हेतू असतो. सगळ्याच मेनिन्जिओमांना हे लागत नाही.

प्रश्न : बेव्हॅसिझुमॅब चालू असताना माझ्या पतींना दाढ काढायची आहे. तसेच एका परिचितांनी रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या म्हणून शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या आणि हळदीचा अर्क सुचवला आहे. (ठाणे)

उत्तर : शार्कच्या कूर्चेची टूम जुनी आहे. तिच्या अर्कावर रीतसर चाचण्या झाल्या असून रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे दिसले नाही. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत व्हीईजीएफवर परिणाम करते हे खरे, पण पोटातून घेतल्यास ते रक्तात फारच अल्प उतरते. आमटीतली हळद खुशाल चालू ठेवा. अर्काच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका, कारण बेव्हॅसिझुमॅबने मुळातच रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दाढेचा प्रश्न अधिक तातडीचा आहे. जखम भरून येण्यासाठी शरीराला नव्या केशवाहिन्या लागतात आणि हे औषध नेमके त्यांनाच अडवते. क्वचित जबड्याच्या हाडालाही इजा झाल्याची नोंद आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार आठवडे हे इंजेक्शन देत नाहीत. दाढेसाठी किती अंतर ठेवायचे, हे कर्करोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचे असते; तेव्हा दंतवैद्याकडे जाताना इंजेक्शनांच्या तारखांचा कागद सोबत न्यावा. रक्तदाब घरीही मोजत राहावे आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी चुकवू नये. पोटात अचानक तीव्र दुखणे, एका पायाला सूज येणे, धाप लागणे किंवा एकाएकी डोके असह्य दुखणे यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.