आजोबा धरणाचा आकडा का पाहतात

चि. ईरा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजोबा रोज सकाळी वर्तमानपत्र उघडताच आधी पुण्याच्या चार धरणांचे आकडे पाहतात, शेजारच्या काकू खडकवासल्याला जाऊन पाण्याची खण-नारळाने ओटी भरून आल्या, आणि मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला म्हणून लोक हौसेने नदीकाठी गर्दी करतात. मग टोरांटोत एवढे अफाट सरोवर असताना तिथे कोणी असे काहीच का करत नाही, असे तू विचारले आहेस. ‘श्रद्धा असते एकेकाची’ असे सांगून मला मोकळे होता आले असते, परंतु ते अर्धेच उत्तर झाले असते. उरलेले अर्धे उत्तर पावसाच्या हिशोबात आहे.

टोरांटोत वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो, तर पुणे शहरात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे एकूण पाण्यात फारसा फरक नाही. फरक आहे तो वेळापत्रकात. टोरांटोत हे पाणी बाराही महिन्यांत थोडेथोडे वाटून येते. पुण्यात त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि नंतर आकाश जवळजवळ कोरडे राहते. शहरावरच्या पावसावर पुणे जगतही नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो, आणि तो अडवण्यासाठी मुठा, आंबी आणि मोसी या नद्यांवर अनुक्रमे टेमघर, पानशेत आणि वरसगाव ही धरणे बांधली आहेत. त्यांच्या खाली आहे खडकवासला.

आजोबा जो ‘टीएमसी’ शब्द उच्चारतात, तो एक अब्ज घनफुटांचा संक्षेप आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि खडकवासला १.९७, अशी चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी होते. एवढ्यात शहराला प्यायचे आहे आणि कालव्यातून दौंड-इंदापूरकडच्या शेतीलाही पाणी द्यायचे आहे. सप्टेंबरअखेर जे साठले, त्यावर पुढच्या जुलैपर्यंत निभवावे लागते. त्यामुळे जुलैत तो आकडा चढताना पाहणे हा आजोबांचा केवळ छंद नव्हे. पाणीकपातीची एकही बातमी न वाचता उन्हाळा निघेल की नाही, याचा अंदाज ते बांधत असतात.

आता टोरांटोचे ऑन्टॅरिओ सरोवर पाहा. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत क्षेत्रफळाने ते सर्वांत लहान, तरीही त्यात सुमारे १,६४० घन किलोमीटर पाणी आहे. आजोबांच्या मापात सांगायचे तर हे जवळपास ५८ हजार टीएमसी झाले, म्हणजे पुण्याच्या चारही धरणांच्या सुमारे दोन हजार पट. पाचही सरोवरांचे पाणी एकत्र धरले, तर पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा तिथे आहे. हिमयुगातल्या प्रचंड बर्फाच्या थरांनी जमीन खरवडली आणि काही हजार वर्षांपूर्वी ते थर मागे हटताना त्या खळग्यांत पाणी भरले. आज पाऊस आणि वितळणारे बर्फ यांमुळे या एकूण साठ्याचा सुमारे एक टक्काच दरवर्षी नव्याने भरला जातो. महासरोवरे ही पूर्वजांनी ठेवलेली मुदत ठेव आहे आणि पुण्याची धरणे म्हणजे महिन्याचा पगार. ठेव असलेला मनुष्य रोज पासबुक उघडत नाही, पगारावरचा मात्र तारीख पाहत राहतो. आपल्या सह्याद्रीला गेल्या हिमयुगात असा बर्फाचा थर लाभला नाही. काळ्या बसाल्टचा हा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला आहे, आणि त्यात नैसर्गिक मोठे गोडे सरोवर शोधू गेलीस तर मिळायचे नाही. पेशव्यांनी कात्रजला बांध घालून तलाव केला आणि तिथून दगडी नळांनी पेठांतल्या हौदांत पाणी आणले. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात खडकवासला बांधले. अडवल्याशिवाय आपल्याकडे पाणी थांबत नाही.

ठेव मोठी असली म्हणजे ती निर्धोक असते असे समजू नकोस. पाच महासरोवरांपैकी सुपीरियर सरोवरात आलेले पाणी बाहेर पडायला सरासरी सुमारे १९१ वर्षे लागतात, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत तिथे पडलेला पाऊस आता कुठे वाट काढत असेल. अशा पाण्यात एकदा मिसळलेले विष पिढ्यानपिढ्या मुक्काम करते. त्यांतलेच ईरी सरोवर उथळ, त्याची सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, आणि त्याचे पाणी तीनेक वर्षांत बदलते, तरी तेही सुटले नाही. शेतांतले खत आणि शहरांतले सांडपाणी यांतील फॉस्फरसमुळे तिथे शेवाळ इतके माजले, की १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांना सरोवरांच्या पाण्यासाठी करार करावा लागला. पुढे सुधारणा झाली, परंतु ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरातल्या आणि परिसरातल्या मिळून चार लाखांहून अधिक लोकांना शेवाळाच्या विषामुळे काही दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. पाचवा हिस्सा दाराशी असलेल्यांची ही कथा आहे.

आता काकूंच्या ओटीबद्दल. आपल्याकडे ओटी भरतात ती सवाष्णीची, माहेरवाशिणीची, गर्भार स्त्रीची आणि देवीची; जिच्याकडून घर नांदते आणि जिचे पुन्हा येणे अगत्याचे असते, तिची. धरण भरले की गावोगावी त्याचे जलपूजन होते आणि पाण्याला साडी-चोळी, खण-नारळ अर्पण होतो, तो याच भावनेने. गावाकडे विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसले तर त्या साती आसरा समज. त्या पाण्याच्या देवता, आणि त्यांचा मान राखल्याशिवाय पूर्वी कोणी डोहात उतरत नसे. आजीच्या कलशपूजेकडेही लक्ष दे. तिथे गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी यांना तांब्यात येण्याचे आवाहन होते. त्यांत सरोवर एकही नाही, सगळ्या वाहत्या नद्या आहेत. पाणी येते आणि जाते, म्हणून त्याला बोलवावे लागते, अशी ही सारी रीत आहे. टोरांटोतल्या पाण्याला कोणी ‘ये’ म्हणत नाही, कारण ते कधी गेलेलेच नसते.

या रीतीची दुसरी बाजू मात्र मी तुझ्यापासून लपवणार नाही. ज्या मुठेला आपण माता म्हणतो, तिच्या पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या बसवाव्या लागल्या आहेत, कारण लोक प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य नदीत भिरकावत होते. निर्माल्यासाठी कलश ठेवलेले असतात, त्यांचा उपयोग सर्वजण करतात असे मला दिसले नाही. नारळ-फुले हा त्यातला लहान भाग. मोठा भाग आपल्या सर्वांच्या घरांतून निघणाऱ्या सांडपाण्याचा आहे. ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. उजनी ११७ टीएमसीचे धरण आहे, हिवाळ्यात भिगवणजवळ तिथे रोहित पक्षी उतरतात, आणि उन्हाळ्यात साठा खालावला की पाणी हिरवे पडते. ईरीत जे फॉस्फरसने केले, तेच इथेही होते. ओटी भरणाऱ्या हातांनी याचाही हिशोब ठेवायला हवा, असे माझे मत आहे. काकूंना ते सांगायला जाऊ नकोस.

टोरांटोत कोणीच असे करत नाही, हे तुझे वाक्य मात्र मला थोडे दुरुस्त करायचे आहे. महासरोवरांच्या काठचे मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक पाण्याला जिवंत मानतात आणि त्याची राखण करणे हे स्त्रियांचे काम समजतात. जोसेफिन मँडामिन नावाच्या आजींनी २००३ साली तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन सुपीरियर सरोवराची पायी परिक्रमा केली, आणि पुढे इतर महासरोवरांनाही अशाच प्रदक्षिणा घातल्या. २०१९ मध्ये त्या वारल्या, परंतु त्या पदयात्रा अजून चालू आहेत. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना त्यांचे वागणे लगेच कळले असते.

राहिला भिडे पूल. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो बुटका पूल बुडतो, आणि धरण भरत आल्याची ती खूण असल्यामुळे लोक खूश होतात. आजोबा मात्र तिथे जात नाहीत आणि टीएमसीच्या शेजारचा क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले त्याचा, आकडाही तितक्याच बारकाईने वाचतात, हे तुझ्या ध्यानात आले असेल. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरणच रिकामे झाल्यामुळे पुराच्या मागोमाग शहरावर पाणीटंचाई आली आणि वाड्यांतले जुने आड पुन्हा उपयोगी पडले. आजोबा तेव्हा लहान होते आणि त्यांचा वाडा नारायण पेठेत होता. पाणी कुठवर चढले होते ते त्यांनाच विचार, परंतु रविवारी विचार, कारण पानशेतचा विषय निघाला की त्यांचे बोलणे जेवणाच्या वेळेपर्यंत लांबते.

तुझा,
बाबा